भाजीपाल्यात एकात्मिक कीड व्यवस्थापन: शेतकऱ्यांना सोबत घेऊन एक हंगाम कसा चालवावा

कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा सापळा, कसा लावायचा हे दहा मिनिटांत सांगून होते. सापळ्यात या आठवड्यात गेल्या वेळेच्या दुप्पट पतंग आले, आता काय करायचे, हे मात्र सांगून होत नाही. ते ज्याचे पीक आहे त्यालाच ठरवावे लागते आणि भाजीपाल्यात ते दर आठवड्याला ठरवावे लागते. एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या, म्हणजे निरीक्षण, मित्रकीटक, सापळे आणि गरजेपुरते औषध यांचा मेळ घालण्याच्या, पुष्कळ योजना नेमक्या इथे अडतात. सापळे वाटले जातात, माहितीपत्रके वाटली जातात, गटाचा फोटो निघतो आणि पुढच्या हंगामात सापळ्याच्या काठ्या टोमॅटोच्या वेलांना आधार देताना दिसतात. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात वस्तू दिली, ती कधी आणि का वापरायची हे ठरवण्याचा सराव दिला नाही.

तो सराव कसा द्यायचा, याची ही कामाची मांडणी आहे. कृषी विस्तारात काम करणारे, शेतकरी गट चालवणारे किंवा शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांना बरोबर घेऊन काही करू पाहणारे, या सगळ्यांना ती उपयोगी पडेल.

थोडी पार्श्वभूमी लागते. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक झाला. जास्त फवारणीने तुडतुड्यांचे शत्रूच मेले, हे तिथे लक्षात आले आणि १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर सरकारने बंदी घातली. पण बंदी आली म्हणून शेतकऱ्याला पर्याय कळतो असे नाही. म्हणून १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या, मदतीने तिथे शेतीशाळा सुरू झाल्या. फळा आणि व्याख्यान बाजूला ठेवून शेतकरी हंगामभर दर आठवड्याला शेतात जमले, मोजले, चित्र काढले, वाद घातला आणि निर्णय घेतला. १९९६ मध्ये एफएओने दक्षिण व आग्नेय आशियासाठी भाजीपाल्याच्या कीड व्यवस्थापनाचा वेगळा कार्यक्रम सुरू केला. वेगळा लागलाच असता. भातात अनेकदा ‘थांबा, मित्रकीटक काम करताहेत’ एवढे पटले तरी निम्मे काम होते. भाजीत दर दोन-तीन दिवसांनी तोडा असतो, फळावर एक भोक दिसले तरी भाव पडतो आणि अळी एकदा आत शिरली की मित्रकीटकाच्या आणि औषधाच्याही आवाक्याबाहेर जाते. नुसते थांबून भागत नाही.

गट जमवताना

वीस-पंचवीस जण पुरे. त्याहून जास्त झाले की मागचे लोक बघे होतात. शक्यतो लागून लागून शेते असलेले आणि एकच मुख्य पीक घेणारे निवडा. वांगी, कोबी आणि काकडी घेणारे एकत्र बसवले तर प्रत्येक आठवड्याला दोन तृतीयांश लोकांना चर्चा परकी वाटते.

सातबाऱ्यावर नाव कोणाचे, यापेक्षा रोपांना हात कोणाचा लागतो हे बघा. तोडणी आणि खुरपणी बहुतेक ठिकाणी बाया करतात. सुकलेला शेंडा, पानाखालची अंडी, फळावरची विष्ठा सर्वांत आधी त्यांच्या नजरेला पडते. फवारा मात्र दुसरेच कोणीतरी मारते, कधी घरातला मुलगा, कधी मजूर. हे तिघे, म्हणजे पैसे देणारा, पंप धरणारा आणि तोडणी करणारी, एकाच बैठकीत आले नाहीत तर निर्णय शेतात पोहोचत नाही. त्यासाठी बैठकीची वेळ तोडणीशी भांडणारी नको. बायांना कोणती वेळ जमते हे त्यांनाच विचारा. पुरुषांना विचारून ठरवलेल्या वेळेला बाया येत नाहीत, हा सगळीकडचा अनुभव आहे.

सुरुवात रोपवाटिकेचे काम हाती घेण्याच्या आधी दोन-तीन आठवडे करा. पीक फुलावर आल्यावर गट जमवणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे. तोवर निम्मे निर्णय होऊन गेलेले असतात.

पहिली बैठक: आज काय चालते ते मांडा

पहिल्या दिवशी काहीही शिकवू नका. जमिनीवर चुन्याने एक लांब रेघ ओढा. एका टोकाला बी टाकणे, दुसऱ्या टोकाला शेवटचा तोडा. मध्ये पुनर्लागवड, फुलोरा, पहिला तोडा या खुणा करा. मग प्रत्येकाने आपण जेव्हा जेव्हा फवारले तिथे एकेक खडा ठेवायचा आणि कशासाठी फवारले ते सांगायचे. थोड्या वेळात रेघेवर खड्यांचे ढीग दिसू लागतात. लागवडीनंतर लगेच एक ढीग असतो आणि तोडे सुरू झाल्यावर सर्वांत मोठा. ‘कशासाठी’ या प्रश्नाला बरीच उत्तरे ‘शेजाऱ्याने मारले म्हणून’ किंवा ‘आठ दिवस झाले म्हणून’ अशी येतात. तुम्ही काही बोलू नका. लोक आपापसात बोलायला लागतात, तेवढे पुरते. या रेघेचा फोटो काढून ठेवा, हंगामाच्या शेवटी लागेल.

त्याच दिवशी एक छोटी परीक्षाही घेता येते. शेतातच दहा-बारा ठिकाणी खरे नमुने बांधून ठेवायचे: माव्याने वळलेले पान, मावा खाणाऱ्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी, फुगून तपकिरी झालेला मावा, अळीच्या अंगालगत पांढरे कोष, विषाणूने आकसलेला शेंडा. प्रत्येकाशेजारी एक प्रश्न आणि तीन पर्यायांचे तीन डबे. शेतकऱ्याने आपल्या नंबरची चिठ्ठी डब्यात टाकायची. वाचता न येणाऱ्याला प्रश्न वाचून दाखवा. गुण जाहीर करायचे नाहीत. गटाला नेमके काय दिसत नाही हे तुम्हाला कळते, आणि हीच परीक्षा शेवटी पुन्हा घेता येते.

दोन तुकडे

गटातल्या एकाच्या शेतात शेजारी शेजारी दोन तुकडे ठेवा. एकात नेहमीची पद्धत, जशी बाकीचे करतात तशीच. दुसऱ्यात गट दर आठवड्याला ठरवेल ते. जात, लागवडीची तारीख आणि पाणी दोन्हीकडे सारखे. नेहमीच्या तुकड्यात मुद्दाम जास्त फवारणी करून घेण्याचा मोह होतो, तो टाळा. शेतकऱ्याच्या ते लगेच लक्षात येते आणि मग बाकी काहीच खरे वाटत नाही.

ज्याची जमीन आहे त्याच्या नुकसानीचे काय, हे आधी बोलून घ्या. गटाच्या निर्णयाने एक तोडा वाया गेला तर भार कोण उचलणार, हा प्रश्न अवघड वाटतो म्हणून टाळला जातो, आणि सहाव्या आठवड्यात अळी दिसली की तो शेतकरी रात्रीतून गुपचूप फवारतो. त्याचे काही चूक नाही.

रोपवाटिका

इथे फार बोलण्यासारखे नाही, पण जे आहे ते स्वस्त आहे. गादीवाफ्यावर चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लास्टिक अंथरून माती उन्हाने तापवा. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळलेले शेणखत घाला. रोपे कोलमडतात ती बहुधा दाट पेरणी आणि जास्त पाण्यामुळे, त्यामुळे आधी ते सुधारा. टोमॅटो, मिरचीची रोपे ४० ते ५० मेशच्या, म्हणजे बारीक विणीच्या, जाळीखाली वाढवा. पांढरी माशी रोपावस्थेत विषाणू देऊन गेली तर ते झाड पुढे कोणत्याही औषधाने बरे होत नाही. गटाने एकत्र रोपवाटिका केली तर एक जाळी सगळ्यांना पुरते आणि त्या निमित्ताने लोक एकत्र येऊ लागतात, हा फायदा वेगळाच.

आठवड्याचे निरीक्षण: सगळ्याचा कणा

वेळ सकाळची. ऊन चढल्यावर पुष्कळ किडे पानाखाली आणि मातीत दडतात. चार-पाच जणांचे उपगट करा. प्रत्येक उपगटाने दोन्ही तुकड्यांत तिरके चालत पाच जागी थांबायचे, प्रत्येक जागी चार झाडे, म्हणजे एकूण वीस. बांधाकडच्या दोन ओळी सोडून द्या. ‘चांगली’ किंवा ‘खराब’ झाडे निवडायची नाहीत. पाय थांबेल तिथली. प्रत्येक झाडावर वरचे, मधले आणि खालचे पान उलटून बघायचे, शेंडा, कळी, फळ बघायचे. टिपायचे ते इतकेच:

- कोणती कीड, किती, कोणत्या अवस्थेत (अंडी, लहान अळी, मोठी अळी)
- कोणते मित्रकीटक, किती
- रोगाची लक्षणे असलेली झाडे
- झाडाची उंची, फुले, फळे आणि एकूण तब्येत
- माती ओली की कोरडी, गेल्या आठवड्याचे हवामान
- सापळ्यांतले पतंग

मग सावलीत बसून मोठ्या कागदावर चित्र. मध्ये झाड, आज जसे आहे तसे: पिवळे पान असेल तर पिवळे, पोखरलेले फळ असेल तर पोखरलेले. एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, वर ढग किंवा सूर्य, खाली ओलावा. शेवटी खालच्या कोपऱ्यात एक ओळ: या आठवड्यात काय करायचे आणि का.

चित्राला लोक हसतात. मोठी माणसे खडू घेऊन काय रेघोट्या मारतात असे वाटते. पण चित्र काढताना ढालकिडा किती मोठा आणि कुठे, हे ठरवावे लागते, त्यासाठी तो नीट बघावा लागतो. शिवाय सहा आठवड्यांची चित्रे भिंतीवर ओळीने लावली की किडी आणि मित्रकीटकांचा चढउतार न सांगता दिसतो. आकड्यांच्या तक्त्याने ते काम होत नाही.

प्रत्येक उपगटाने आपला निर्णय मांडायचा. इतरांनी उलटतपासणी करायची: ‘अळ्या मोठ्या दिसल्या म्हणता, मग आता फवारून किती मरतील?’ ‘पाऊस येतोय, निंबोळी अर्क आज मारायचा का?’ इथे तुमचे सर्वांत कठीण काम सुरू होते, ते म्हणजे गप्प बसण्याचे. कोणी किडा हातावर आणून ‘हा कोण?’ म्हणून विचारले तर नाव सांगून मोकळे होऊ नका. ‘कुठे सापडला? काय करत होता? तुम्हाला काय वाटते, पान खातो की किडा खातो?’ असे विचारा. नाव कळले की शेतकरी बघणे थांबवतो आणि औषधाचे नाव विचारतो. इंग्रजी नावे पाठ करून घेणे तर निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. गटाने स्वतः ठेवलेले नाव जास्त टिकते.

आर्थिक नुकसान पातळी ही कल्पना १९५९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कीटकशास्त्रज्ञांनी मांडली: फवारणीचा खर्च आणि वाचणारे नुकसान यांचा ताळा बघूनच हात उचलायचा. शिफारशीतला आकडा, म्हणजे किती कीड दिसल्यावर फवारायचे तो, सुरुवातीला वापरा, पण तो देवाचा शब्द नाही. भाव चढा असेल, पीक कोवळे असेल, मित्रकीटक कमी असतील, तर तोच आकडा वेगळा अर्थ सांगतो. गटाला हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत आपोआप कळू लागते.

सांगून पटत नाही ते दाखवणारे प्रयोग

ढालकिड्याच्या अळीचा प्रयोग आधी घ्या. प्रौढ ढालकिडा बहुतेकांना ओळखीचा असतो. त्याची अळी, काळपट, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके, ही मात्र ‘नवी कीड’ म्हणून चिरडली जाते. दोन स्वच्छ बरण्या घ्या. दोन्हींत माव्याने भरलेली एकेक डहाळी, देठाला ओला कापूस. एकीत ढालकिड्याची एक अळी सोडा. तोंडाला मलमलीचे फडके बांधून सावलीत ठेवा. आधी मावा मोजून लिहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. बरणी शेतकऱ्याच्या घरी जाऊ द्या. पोरे तासातासाला बघतात आणि बापाला सांगतात. दुसऱ्या बैठकीला कोणीतरी क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकीटकाची अळी आणतो, कोणी कोळी आणतो. पुढे तपकिरी, फुगलेला, न हलणारा मावा बरणीत ठेवा: काही दिवसांत त्याच्या पाठीला गोल भोक पाडून बारीक गांधीलमाशी बाहेर येते. एकाच बरणीत दोन शिकारी ठेवू नका, ते एकमेकांना खातात. पण तेही एकदा मुद्दाम दाखवण्यासारखे आहे.

दुसरा प्रयोग रंगाचा. ज्या पंपाने कधीही कीटकनाशक फवारलेले नाही असाच पंप घ्या, जुना धुऊन वापरू नका. पाण्यात खाण्याचा लाल रंग घाला. फवारणाऱ्याला पांढरे जुने कपडे द्या आणि कमरेएवढ्या पिकात नेहमीसारखे दहा मिनिटे फवारायला सांगा. मग सगळ्यांसमोर उभे करा. मांड्या आणि नडग्या लाल, कारण आपणच फवारलेल्या ओल्या पानांतून पुढे चालत गेलो. पाठीवर लाल पट्टा, कारण टाकीचे झाकण पाझरते. उजवा हात मनगटापर्यंत लाल, कारण नळीचा वायसर गेलेला आहे. विषारीपणावर तासभर बोलण्यापेक्षा हे दहा मिनिटांचे काम परिणामकारक ठरते, आणि त्यातून कामाचे उपाय निघतात: वायसर बदला, झाकण घट्ट करा, वाऱ्याची दिशा बघून असे चाला की ओल्या ओळीत पाय पडणार नाही.

तिसरा प्रयोग पाने कापण्याचा, खास कोबीसाठी. गड्डा धरायच्या आधी एका ओळीतल्या झाडांची चौथाई पाने कात्रीने कापा, दुसरीत निम्मी, तिसरी तशीच ठेवा. मधला कोंब कापू नका. काढणीला गड्डे तोला. झाड लहान असताना पाने गेली तर ते किती भरून काढते, हे तराजू सांगतो. पानाला चार भोके दिसली की पंप उचलण्याची सवय यामुळे बरीच सुटते. गड्डा धरल्यावरची गोष्ट निराळी, तेव्हा बाहेरच्या पानावरचे भोकही विकताना दिसते. तो फरक गटाने बोलून काढावा.

पिकागणिक: गट ज्यावर वाद घालेल त्या गोष्टी

वांग्यात शेंडा व फळ पोखरणारी अळी अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच आत शिरते. फवाऱ्याला मिळतात ते तेवढेच तास. म्हणून इथे हाताचे काम जास्त मोलाचे. सुकून खाली मान टाकलेला शेंडा दर आठवड्याला अळीसकट, थोडा खालून खुडायचा. गटासमोर एक शेंडा ब्लेडने उभा चिरून दाखवा: आत विष्ठेने भरलेला बोगदा आणि टोकाला गुलाबीसर अळी. ज्या बाईने तो बोगदा पाहिला ती पुढे खुडलेला शेंडा बांधावर टाकत नाही. शेंडे पिशवीत बांधून नष्ट करा. बांधावर टाकलेल्या शेंड्यातली अळी कोष करून पतंग होतेच. जळणासाठी रचून ठेवलेल्या वांग्याच्या जुन्या काड्यांतूनही पतंग निघतात, त्यामुळे जुन्या पिकाशेजारी नवी लागवड असेल तर ढीग जाळीने झाका. कामगंध सापळे पिकाच्या शेंड्यांच्या उंचीवर लावा आणि पीक वाढेल तसे वर सरकवा. त्यात फक्त नर सापडतात, हे आधीच सांगा, नाहीतर ‘इतके पतंग पकडले तरी अळी कशी?’ हा प्रश्न येतोच.

कोबी-फ्लॉवरवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग हा औषधांना दाद न देण्यात जुना उस्ताद. डीडीटीला प्रतिकार करणारी पिकावरची कीड म्हणून त्याची नोंद जावा बेटावर १९५३ मध्येच झाली. पुढे बीटी या जिवाणूपासून केलेल्या औषधालाही त्याने शेतातच दाद देणे सोडले. त्यामुळे ‘नवे भारी औषध’ हा इथे उपाय नव्हे. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी हा सापळा पिकाचा, म्हणजे पतंगाला मुख्य पिकाऐवजी आपल्याकडे ओढणाऱ्या पिकाचा, चांगला तपासलेला मार्ग आहे: एक ओळ कोबीच्या १५ दिवस आधी, दुसरी लागवडीनंतर सुमारे २५ दिवसांनी, म्हणजे मोहरी सतत कोवळी राहते. माझे स्पष्ट मत आहे की मोहरीकडे बघणारा माणूस ठरलेला नसेल तर ती लावू नये. दुर्लक्षित मोहरी माव्याचे आगर होते.

टोमॅटोत झेंडूचे तसेच. १४ ते १६ ओळींमागे एक ओळ, झेंडूचे रोप सुमारे ४० दिवसांचे आणि टोमॅटोचे २५ दिवसांचे, म्हणजे दोन्ही एकदम फुलावर येतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालतो. त्या अळ्या वेचायच्या असतात. ट्रायकोकार्डचे, म्हणजे ट्रायकोग्रामा या बारीक मित्रकीटकाने ग्रासलेली अंडी चिकटवलेल्या कार्डाचे, तुकडे संध्याकाळी पानाखाली टाचायचे, मुंग्यांपासून जपायचे आणि आगेमागे फवारायचे नाही. एचएनपीव्ही हा अळीला रोग करून मारणारा विषाणू उन्हाने निकामी होतो म्हणून तोही संध्याकाळी, आणि अळ्या लहान असतानाच. इथे अपेक्षा आधीच जुळवून घ्या. अळी मरायला काही दिवस लागतात. शेतकरी दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या शोधतो, त्या दिसत नाहीत आणि तो रासायनिक औषध मारून मोकळा होतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून शेंड्यांना उलट्या लटकलेल्या, काळ्या पडून पाझरणाऱ्या अळ्या गटाला एकदा दाखवल्या की विश्वास बसतो.

काकडीवर्गीय पिकांत फळमाशी. गळालेली, सडकी फळे शेतात राहिली तर बाकीचे सगळे उपाय व्यर्थ आहेत, कारण अळी फळातून निघून मातीत कोष करते. फळे जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा. हवाईत यासाठी छोटा तंबू वापरतात: आत सडकी फळे टाकायची, जाळी इतकी बारीक की माशी बाहेर पडत नाही, पण तिच्यावर वाढणारी परोपजीवी गांधीलमाशी निसटून जाते. क्यू-ल्यूर या नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधाचे सापळे नर कमी करतात. काकडी आणि भोपळ्याची फुले सकाळी उमलतात, त्या वेळी फवारले तर मधमाश्या मरतात आणि फळे वेडीवाकडी धरतात. दुधी आणि दोडक्याची फुले मात्र संध्याकाळी उमलतात, त्यामुळे ‘फवारणी नेहमी संध्याकाळी’ हा सरसकट नियम तिथे लागू नाही.

मिरची आणि भेंडीचे सगळे इथे मांडत नाही. एकच सांगतो: लाल कोळी आणि नागअळी एकाएकी वाढली तर आधी गेल्या महिन्यात काय फवारले ते विचारा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांच्या लागोपाठ फवारण्यांनंतर शिकारी कोळी आणि परोपजीवी कीटक मरतात आणि ही मंडळी डोके वर काढतात.

फवारायचेच ठरले तर

एकात्मिक म्हणजे रसायनबंदी नव्हे. गटाने विचार करून फवारायचे ठरवले तर ते नीट व्हावे. पहिला प्रश्न: शेवटचा तोडा कधी आणि पुढचा कधी? लेबलवर काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी दिलेला असतो. दर तिसऱ्या दिवशी तोडा असलेल्या पिकात सात दिवसांची प्रतीक्षा असलेले औषध बसतच नाही. इतक्या साध्या हिशेबाने अर्धी यादी गळते. दुसरा: लेबलवरचा क्रियेचा गट क्रमांक, म्हणजे औषध किडीला कोणत्या प्रकारे मारते त्याचा क्रमांक, बघा. दोन वेगळ्या नावांच्या बाटल्यांवर एकच क्रमांक असेल तर ते आलटून पालटून वापरणे झाले नाही. गटाने रिकाम्या बाटल्या जमवून क्रमांकानुसार ओळीत मांडाव्यात. कोणाकोणाच्या सगळ्या बाटल्या एकाच ओळीत जातात. तिसरा: तीन-चार औषधे एका टाकीत मिसळण्याची सवय. फवारणी लागू पडली तरी कशाने पडली ते कळत नाही, म्हणून शिकणे थांबते.

निंबोळी अर्क गटातच करा: ५ किलो निंबोळी गर भरडून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, गाळून १०० लिटर करायचे. ताजा वापरायचा. तो लहान अळ्या आणि मऊ अंगाच्या किडींवर चालतो, मोठ्या अळीवर त्याची परीक्षा घेऊ नका.

एकट्याच्या बांधावर न थांबणाऱ्या गोष्टी

पांढरी माशी, फळमाशी, वांग्याचा पतंग यांना बांध माहीत नाही. डॉमिनिकन प्रजासत्ताकात टोमॅटोवरच्या पर्णगुच्छ विषाणूने पीक बुडू लागले तेव्हा १९९० च्या दशकात पांढऱ्या माशीला आसरा देणारी पिके तीन महिने घ्यायचीच नाहीत असा नियम केला गेला, आणि टोमॅटो पुन्हा सावरला. एका गटाला इतके साधत नाही. पण लागवड पंधरवड्याच्या आत उरकणे, जुने पीक संपले की लगेच उपटणे, गळालेली फळे एकाच दिवशी गोळा करणे हे लागून लागून शेते असलेल्या वीस घरांना जमते. म्हणूनच सुरुवातीला शेजार बघून निवड करायला सांगितले. आणि जो शेजारी गटात नाही त्याला बोलवा. त्याचे सोडून दिलेले वांग्याचे शेत सगळ्यांना भोवते.

हिशेब

दोन्ही तुकड्यांचा जमाखर्च आठवड्यालाच लिहा, शेवटी आठवून नको. औषध, सापळे, कार्ड, पंपाचे भाडे. त्याबरोबर शेंडे खुडायला, फळे वेचायला लागलेले मजुरीचे तासही. घरच्या बाईचे तास फुकट धरले तर एकात्मिक पद्धत कागदावर स्वस्त दिसते आणि घरात महाग पडते, मग ती दुसऱ्या हंगामात टिकत नाही. तोड्यागणिक वजन, त्यात पोखरलेला माल किती, मिळालेला भाव. एकात्मिक तुकड्यात माल थोडा कमी आला तरी हातात जास्त राहिले, असे होऊ शकते. उलटही होऊ शकते. उलट झाले तर ते लपवू नका, कोणत्या आठवड्याचा निर्णय महागात पडला ते चित्रे काढून बघा.

हंगाम संपत आला की शिवारफेरी ठेवा आणि बोलू द्या शेतकऱ्यांनाच. पाहुण्यांचे भाषण पाच मिनिटांत आटपा. पहिल्या दिवशीच्या खड्यांच्या रेघेचा फोटो तिथे लावा आणि शेजारी या हंगामाची रेघ आखा.

दुसरा हंगाम

दुसऱ्या हंगामात तुम्ही दर आठवड्याला जाऊ नका. गटातले दोघे-तिघे चांगला प्रश्न विचारायला शिकलेले असतात. बैठक त्यांनी चालवावी, तुम्ही महिन्यातून एकदा जावे. वीस झाडांची मोजणी बहुधा दहावर येते, चित्र वहीत लहान होते. होऊ द्या. मोजणेच बंद झाले तर मात्र बोला.

गट बंद पडतो तो बहुधा साहित्य वेळेवर न मिळाल्याने. कामगंध गोळ्या तीन-चार आठवड्यांनी बदलाव्या लागतात आणि प्रत्येक किडीची गोळी वेगळी असते. ट्रायकोकार्ड साठवून ठेवता येत नाहीत, लागतील त्याच आठवड्यात हातात यावी लागतात. त्यामुळे लागवडीची तारीख ठरली की त्याच बैठकीत कोणत्या आठवड्याला किती कार्डे, किती गोळ्या, कोणी आणायच्या आणि पैसे कोणाकडे जमा, हे लिहून टाका. पुरवठादाराला आगाऊ मागणी द्या. गोळ्या थंड जागी, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, आणि एका किडीची गोळी हाताळलेल्या हाताने दुसरीची हाताळू नका.